नानांनी काढलेलं शेवटचं वर्तुळ

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नानांचीच नक्कल करत होतो. आळेफाट्याच्या एका हॉटेलात, कॉलेजात नव्याने लागलेल्या चार प्राध्यापकांसमोर मी हातात नसलेली काठी धरली होती, कंबर जरा डावीकडे वाकवली होती, आणि टेबलावर टक टक करून, कान तिरका करून, ‘पोकळ हाये, सर!’ म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे नानांची सून. “सर, नाना सकाळी गेले... दुपारपर्यंत गावी, आण्याला या.” मी फोन ठेवला. चौघांचे चेहरे अजून हसायच्या तयारीतच होते. तोंडाशी आलेलं वाक्य मी कधी सोडलेलं नाही. त्या दिवशी सोडलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

नाना आमच्या कॉलेजच्या बांधकाम समितीतले जुने सभासद. सरकारी नोकरीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, राहायला पठारावर, आणे गावात. तिथून एसटीने यायचे. पांढरी टोपी, ढगळ पॅन्ट आणि काठी. ती काठी चालण्यासाठी नव्हतीच, भिंती ऐकण्यासाठी होती. प्लास्टरने वीट घट्ट धरलेली असली की आवाज भरीव येतो, सुटलेली असली की रिकाम्या डब्यासारखा. पोकळ लागलं की नाना खिशातून कोळसा काढायचे आणि तेवढ्या जागेभोवती वर्तुळ ओढायचे, म्हणजे गवंड्याने ते फोडून पुन्हा करायचं आणि पक्कं होण्यासाठी आठवडाभर त्यावर पाणी मारायचं. एकदा माझ्याकडे चहाला आले आणि बाहेरच्या खोलीत तीन वर्तुळं काढून गेले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घर तिच्या भावाने बांधलं होतं.

नव्वदच्या दशकात आमचं कॉलेज समितीतल्या शेटजींच्या कांद्याच्या वखारीत भरायचं. मी मराठी शिकवायचो. करुणरसाच्या तासाला सबंध वर्गाच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते माझं यश आहे असं मी दोन वर्षं समजत होतो. पुढे देणग्या जमल्या, जागा मिळाली आणि प्रश्न आला, इमारत बांधायची कुठल्या पद्धतीने? पुण्याची एक कंपनी म्हणत होती, नकाशा आमचा, माल आमचा, काम आमचं. तुम्ही वर्षाने फक्त किल्ली घ्यायला या. नानांचं म्हणणं उलटं होतं. नकाशा एका आर्किटेक्टने काढावा, सिमेंट-वाळू संस्थेने घ्यावी, इथलेच गवंडी मजुरीवर लावावेत, आणि रोज आपला माणूस कामावर उभा असावा. “मी येतो ना रोज आण्यावरनं,” ते म्हणाले. “ज्यानं बांधायचं त्यानंच तपासायचं व्हय? सर, तुमी पोरांचे पेपर पोरांनाच तपासाया देता का?”

समितीत आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष दादा, शेटजी, प्राचार्य, नाना आणि प्राध्यापकांतर्फे मी. मतं पडायच्या आधी नाना पाणी प्यायला बाहेर गेले. आणि मी... मला कुणी सांगितलं नव्हतं. प्राचार्यांची छत्री उचलली, कंबर वाकवली, टेबल वाजवलं, कपाट वाजवलं आणि शेटजींच्या टकलावर हलकेच टक करून म्हणालो, “भरीव हाये, पर पाणी कमी मारलंय!” शेटजी स्वतःच सगळ्यांत जास्त हसले. दादा डोळे पुसत म्हणाले, “ह्ये रोज ऐकायचं व्हय, राव? निम्मी हयात टकटकीतच जाईल.” त्या हसण्यातच सगळं ठरलं. नाना दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. तेही हसले. “झकास, सर,” म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. चार विरुद्ध एक. कुठली पद्धत बरी याचा मी घटकाभरही विचार केला नव्हता. मला फक्त कांद्यांतून सुटायचं होतं.

वर्षाने किल्ली मिळाली, बोलल्याप्रमाणे मिळाली. त्या वर्षभर कंपनीचा वॉचमन नानांना आत सोडत नव्हता, कारण करारात तपासणीही कंपनीचीच होती. नाना समोरच्या चहाच्या टपरीवर बसून लांबून काम बघायचे. मी जाता-येता हात करायचो... दुसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी लायब्ररीच्या भिंतीचं प्लास्टर ओल्या पोत्यासारखं बाकावर कोसळलं. त्या बाकावरची मुलगी नुकतीच पाणी प्यायला उठली होती. कंपनीचा इंजिनियर आला आणि कागद दाखवला, ‘आमच्या तपासणीत काम चोख आहे.’ आमच्याकडे त्याला दाखवायला काहीच नव्हतं. भिंतीच्या आत काय आहे ते आमच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं. ‘मी म्हणलं व्हतं’ हे वाक्य नाना म्हणाले नाहीत. त्यांनी काठी घेतली आणि सबंध इमारत वाजवली. संध्याकाळी लायब्ररीच्या भिंतींवर वर्तुळांना जागा उरली नव्हती.

पुढची सायन्सची इमारत नानांच्या पद्धतीने झाली. वेळ दुप्पट लागला. नाना पुढे काठी घेऊन, मी मागे वही घेऊन. कुठल्या भिंतीवर कुठल्या दिवशी पाणी मारलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. त्या दिवसांत एकदा मी विषय काढला. “नाना, त्या मीटिंगला मी...” “आवो, मीबी हसलो व्हतो की!” ते म्हणाले. चार पावलं चालून थांबले. “पर घरी गेल्याव आठ दिस काठी हातात धरवली न्हाय.” एवढंच. मग पुढच्या भिंतीवर टक टक. दुसऱ्यांच्या आवाजात बोलण्यात माझी हयात गेली. त्या दिवशी स्वतःच्या आवाजात एक वाक्य हवं होतं, ते आलं नाही. नंतर कुणी पाहुणे आले की नानाच सांगायचे, “करा ओ सर, पावण्यांना दावा जरा नाना,” आणि मी करायचो.

जाण्याच्या दोन महिने आधी मुलाने त्यांना जीपमधून कॉलेजात आणलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून सायन्सच्या इमारतीतून चालले. फिजिक्सच्या प्रयोगशाळेच्या दाराशी काठी थांबली. पुन्हा वाजवली. मग कोळसा निघाला. वर्तुळ अंड्यासारखं आलं. “हितं आपलं चुकलं, सर. फोडून घ्या.” “घेतो की, नाना,” मी म्हणालो. घेतलं नाही.

अंत्यविधीहून परतलो तेव्हा ते वर्तुळ भिंतीवर तसंच होतं. नानांची आठवण म्हणून त्यावर काचेची चौकट बसवायची कल्पना माझीच. सगळ्यांना आवडली, काचेचं मापही घेऊन झालं. पण रोज त्या दारावरून जाताना मला मीटिंगमधली ती प्राचार्यांची छत्री आठवायला लागली. त्यांचं म्हणणं बाजूला ठेवायचं आणि त्यांचा देखावा करायचा... हे मी एकदा केलंच होतं की.

मग ती भिंत ज्याने बांधली होती त्या गवंड्याला बोलावलं. वर्तुळ बघून त्याने टोपी काढली. “नाना ना?” म्हणाला, आणि छिन्नी लावली. पहिल्याच घावाला खपली पडली, तिच्याबरोबर कोळशाची रेघही. नव्या प्लास्टरवर सात दिवस मी स्वतः पाणी मारलं, जुनी वही शोधून रोज सही केली. आज सकाळी तासाआधी तिथे उभा राहिलो आणि बोटाच्या पेराने टक टक केलं. भरीव. पुन्हा केलं. मागे दोन विद्यार्थिनी थांबल्या होत्या. गॅदरिंगमुळे माझा हा खेळ त्यांना पाठ आहे. “सर, नानांची नक्कल?” एकीने हसत विचारलं.

“नाही गं,” मी म्हणालो. “तपासतोय.”