चेंबरमधलं कडं

मी मेकॅनिक माणूस. आवाज आला तर कुठून येतो ते शोधायचं, गळती असेल तर पॅकिंग बघायचं – चोवीस वर्षं हेच करतोय. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले...

थळच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. गेल्या मार्चमध्ये, दुपारी साडेतीनच्या सुमारास, हरीदादा त्यांचा पिकअप ट्रक घेऊन आले. दादा थळचे कोळी. स्वतःची बोट आहे, मासळी आणि बर्फ याच गाडीने नेतात. गाडी जुनी, परदेशी बनावटीची, ऑटोमॅटिक. आधी न्हावा शेवाकडच्या एका यार्डात चालायची, दादांनी दोन वर्षांपूर्वी घेतली. चढावर गियर उशिरा पडत होता. मी म्हटलं, आधी गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलून बघू.

गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली आणि खाली शिरलो. या गिअरबॉक्सच्या तळाला बसवलेल्या चेंबरला, म्हणजे ऑइलच्या पत्र्याच्या तबकाला, ऑइल सोडायचा वेगळा नट नसतो, बोल्ट सैल करून एक कोपरा झुकवायचा. बोल्टांवर कारखान्यातला रंग जसाच्या तसा होता – म्हणजे चेंबर आजवर कुणी उघडलाच नव्हता. ऑइल तपकिरी, जळकट निघालं. गाडी नुकतीच चालून आलेली, त्यामुळे इतकं गरम की मनगटावर उडालं तिथे फोड आला. चेंबर खाली घेतला, तळातल्या मॅग्नेटवरचा लोखंडी चुरा पुसायला फडकं घातलं... आणि हाताला काहीतरी गोल लागलं.

चांदीचं कडं. पुरुषाच्या हातातलं.

मी हसतच बाहेर आलो आणि दादांना दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, फिरवलं आणि उभ्या जागी खाली बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. कड्यावरच्या पितळेच्या जोडावर अंगठा ठेवून म्हणाले, "ह्यो जोड मीच मारून आणला व्हता. किशोरचं हाय ह्ये."

किशोर त्यांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी खांदेरी बेटाच्या पुढे जाळं ओढताना बोटीवरून पडला. बॉडी सापडली नाही. दादा त्याच बोटीवर होते... कडं घातलेला तो हात पाण्याखाली जाताना त्यांनी पाहिला होता.

"राजू, मस्करी केली असशील तर आत्ताच सांग," ते म्हणाले. मी पोरांची शपथ घेतली. पुन्हा गाडीखाली शिरलो. आत जायला वाट एकच, ऑइल मापायच्या डिपस्टिकची नळी – तिच्यात माझी करंगळीही जात नाही. यार्डातल्या जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. तोही म्हणाला, गिअरबॉक्सला कधी कुणी हात लावला नाही.

दादांनी मला सोबत घरी चल म्हटलं. किशोरची बायको, सुनंदावहिनी, नऊ वर्षं मंगळसूत्र घालून होती. नवरा गेला हे तिने मानलंच नव्हतं, दिवसकार्यही करू दिलं नव्हतं. दादांना भीती वाटत होती की एकट्याने कडं दिलं तर तिला वाटेल, इतकी वर्षं ते यांच्याकडेच होतं.

वहिनी अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. कडं हातात घेऊन मला एवढंच विचारलं, "तुमच्या हाताला लागलं तवा गरम व्हतं का थंड?"

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं... त्या उकळत्या ऑइलमधून काढलेलं कडं मी उघड्या हाताने धरलं होतं, आणि ते थंडगार होतं. बर्फाच्या पेटीतून काढावं तसं.

"थंड," मी म्हटलं.

वहिनीने कडं स्वतःच्या हातात चढवलं आणि दादांना म्हणाली, "दर्याच्या तळाचंच हाय ह्ये. भाऊजी, आता त्यांचे दिवस घाला."

दादा तिथेच भिंतीला धरून रडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा, असं त्यांच्या घरचे म्हणतात. आठवड्याभरात थळच्या किनाऱ्यावर कार्य झालं. मीही गेलो होतो.

गाडी आता ठीक चालते. पण तुमच्यात कुणी जाणता मेकॅनिक असेल तर मला सांगा – कारखान्यातून बंद होऊन आलेल्या चेंबरमध्ये ते कडं कुठल्या वाटेने गेलं? तो गिअरबॉक्स मी डोळे मिटून खोलू शकतो. त्यात तशी वाट नाही.