मेश्राम बाईंचा प्रत्यय

“नाव?”

“अनघा.”

“अघ म्हणजे पाप. त्याच्याआधी नकाराचा उपसर्ग आला म्हणून तू निष्पाप. तो ‘अन्’ सांभाळ हो, सुटला तर पंचाईत.”

सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मेश्राम बाईंनी माझं असं स्वागत केलं. नव्या विद्यार्थ्याच्या नावाची फोड केल्याशिवाय त्या त्याला बसू देत नसत. बाई मूळच्या नागपूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगी पुण्यात नोकरीला म्हणून नवरा-बायकोंनी वाघोलीला फ्लॅट घेतला आणि थोड्याच दिवसांत मुलीची बदली बंगळुरूला झाली. “आम्ही आपले प्रत्ययासारखे मागे लागलो, तर शब्दच निघून गेला,” असं त्या हसत सांगायच्या.

शिकवताना बोलणं अगदी पुस्तकी, पण कोणी पेंगताना दिसला की नागपूर बाहेर यायचं. “काहून रे बाबा, झोपून राहिला का?”

एकदा ‘अ’ हा उपसर्ग चालला होता. अज्ञान, अशक्य, अमर झालं आणि मागून कोणीतरी म्हणालं, “अस्पृश्य.” म्हणणारा स्वतःच ओशाळला. बाईंनी तो शब्द शांतपणे फळ्यावर लिहिला.

“बरोबर आहे. माझ्या आजोबांना हा शब्द लावत. आता सांगा, नुसतं ‘स्पृश्य’ कोणी कोणाला हाक मारताना म्हटलेलं ऐकलंय? नाही ना? उपसर्ग नेहमी दुसऱ्यालाच लावायचा होता.” हातावरचा खडू झटकून त्या म्हणाल्या, “हं, पुढचा शब्द.”

प्रत्ययांवर मात्र त्यांचा विशेष जीव. “शब्द आपल्या जागी नुसता बसून असतो. कोणी केलं, कोणाला केलं, ते प्रत्यय सांगतो. तो खाल्लात तर मार्क मिळणार नाहीत, आणि संसारात घोटाळे होतील.”

मला सरकारी नोकरी लागली तरी बाईंकडे जाणं सुटलं नाही. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. पुढे थोडं बोलणं परतलं, पण सुटं सुटं. चहा. खिडकी. पाणी. शब्दांना जोडणारं सगळंच गळून पडलं होतं. आयुष्यभर ज्यांनी आम्हांला प्रत्यय शिकवले, त्यांच्याच तोंडून शब्द असे उघडेबोडके येताना ऐकवत नसे.

एका रविवारी दुपारी गेले, तर बाई फार अस्वस्थ होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “काका... दवाखाना.”

काका म्हणजे त्यांचे यजमान; आम्ही विद्यार्थी त्यांना काका म्हणायचो, म्हणून आमच्याशी बोलताना बाईही. तेच त्यांचं सगळं करत. ते थकल्या आवाजात म्हणाले, “सकाळपासून हेच चाललंय. दवाखान्याला कंटाळली आहे बिचारी. अगं, नाही नेत तुला.”

बाईंनी जोरात मान हलवली. डावा हात गादीवर आपटला. “काका... ना.”

“बघ, नाहीच म्हणतेय.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडे रोखून पाहत, सगळा जीव ओठांत आणून पुन्हा म्हणाल्या, “काकां... ना.” ‘ना’वर त्यांनी असा जोर दिला, की मी चमकले. हा नकार नव्हता. हा प्रत्यय होता.

“काकांना? काकांना दवाखान्यात न्यायचं?”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अहो, मला काय धाड भरलीय!” काका म्हणाले, पण म्हणताना त्यांचा हात छातीकडे गेला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाईंना उचलून बसवताना रोज कळ येत होती. ते ॲसिडिटीची गोळी घेऊन, दाराला टेकून कळ जिरवत होते. ते दाराला टेकणं बाई अंथरुणातून पाहत होत्या. शेजारणीला बाईंजवळ बसवून मी काकांना रिक्षात घातलं. “आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं,” डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली आणि काका वाचले.

ते बरे झाल्यावर दोघांनी नागपूरला, बाईंच्या भावाकडे परत जायचं ठरवलं. मी बसपर्यंत पोचवायला गेले. बाई आता काठी घेऊन चालत होत्या. उपचारांनी बोलणंही थोडं सुधारलं होतं. बसच्या दाराशी त्यांनी माझा हात धरला.

“नागपूर,” त्या म्हणाल्या. मी थांबले. “नागपूर...ला.”

“हो, बाई.”

“ये.” त्यांनी श्वास घेतला. “ये...शील?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कंडक्टर घाई करत होता, काका वरून हात देत होते, पण बाई हलेनात. त्यांना पूर्ण उत्तर हवं होतं.

“येईन,” मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्या बसमध्ये चढल्या.