माहेरचा रकाना

"मॅडम, आता माह्या बापाचं नाव काय लावू, ते तरी सांगा," सुभाष फोनवर म्हणाला.

सुभाष वरवट बकालचा, पस्तिशीचा शेतकरी. चार दिवसांपूर्वी त्यानेच मला फोन केला होता. "गणेश माह्या सख्ख्या काकाचा पोरगा. तुमची मशीन त्याले माहा सावत्र भाऊ दाखवून राह्यली. असं होते का?" मी स्क्रीनवरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "आकडा तर सावत्र भावाचाच आहे." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आधी 'तुमची मशीन' म्हणजे काय ते सांगते. मी खामगावला एका बियाणे तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी केली. कपाशीच्या बियाण्यात बोंडअळीला मारणारं बीटीचं जनुक खरंच आहे, की पिशवीवर नुसतं छापलंय, हे शोधायचं काम. बोगस बियाण्यांच्या त्या वर्षांत आम्हाला जेवायला फुरसत नसायची. मी रिटायर झाले तोवर कपाशीच्या भरवशावर कुणी राहिलं नव्हतं. पोरं सुरतेला, पुण्याला पांगली होती. कोण कुणाचा कोण, हेच कळेना. मग काही घरांनी ठरवलं, आपली वंशावळ आणि डीएनएचे रिपोर्ट एकत्र ठेवायचे. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सरकी तपासली, आता माणसं तपासा."

अट एकच. सगळा डेटा एकाच्या हाती द्यायचा नाही. छापील पिशवीनं फसवलेली माणसं ती. म्हणून पाच गावांत पाच कॉम्प्युटर आणि प्रत्येकावर सगळ्यांच्या नात्यांची प्रत. एकावर काही आलं की बाकी चारांवर आपोआप उतरतं. मधे मालक नाही, मुख्य सर्व्हर नाही. मला तर ही कल्पना फार आवडली होती. चूक झाली तर ती पुसायलाही मालक नसतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सुभाषचे वडील आता हयात नाहीत. हंगामात ते खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असायचे, महिनेमहिने तिथेच राहायचे. घरी बायको सिंधूबाई आणि धाकटा भाऊ वामनराव, म्हणजे गणेशचे वडील. आता सुभाष आणि गणेश सावत्र भाऊ म्हटल्यावर लोकांनी काय अर्थ काढला असेल ते सांगायला नको. पाचही गावांनी ते वाचलं होतं.

"आईला विचारलंस?" मी म्हणाले.

"काय विचारू? तिच्या हातचं पाणी घेतलं नाई म्या. ती निघून गेली, धामणगाव बढ्याले, मामाकडं. मामा म्हणते, तीन दिवस झाले, पोटात अन्न नाई."

मी पाचही ठिकाणी फोन लावले. चौघांनी ती नोंद काढली. पाचव्या गावात वीज नव्हती. संध्याकाळी वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि त्याच्याकडची जुनी प्रत पुन्हा चौघांकडे उतरली. एक जण तर म्हणाला, "मॅडम, काऊन पुसता? पुसलं तं लोक म्हणतीन, खरंच होतं." रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्या बाईनं जिवाचं काही बरंवाईट केलं तर?

सकाळी दोन एसट्या बदलून धामणगाव बढे गाठलं. सिंधूबाईचे भाऊ प्रल्हादभाऊ दारातच उभे.

"कशाले आल्या? अजून काही तपासाचं राह्यलं का?"

"माफी मागायला आले."

"मागा. विहिरीवर एकटी जाऊ देत नाई आम्ही तिले."

आत सिंधूबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारी दुसरी एक बाई वरणात भाकर कुस्करत होती. "घे व माय, एक घास तं घे." ही कोण म्हणून विचारलं, तर शांताबाई. गणेशची आई! जिच्या नवऱ्यावर आळ आला होता तीच.

"तुम्ही इथं कशा?" मला राहवलं नाही.

"काऊन? माहं बी माहेर हेच हाय नं. एकाच मांडवात दिलं आम्हाले, दोन भावाले दोघी बहिणी."

"सख्ख्या बहिणी?"

"सख्ख्या नाई तं काय!"

मी पर्समधलं पेन काढलं आणि बसच्या तिकिटावर हिशेब मांडला.

सोळा आण्यांच्या रुपयात सांगते. सख्ख्या चुलतभावांचा डीएनए साधारण दोन आणे जुळतो. सख्ख्या मावसभावांचाही दोन आणे. सुभाष आणि गणेश चुलतभाऊही आहेत आणि मावसभाऊही. दोन आणि दोन, चार आणे. मशीननं चारच दाखवले होते. सावत्र भावांचेही चारच आणे जुळतात, पण त्यांच्या आया परक्या असतील तर. इथे बाप एकच असता, तर बापाकडून चार आणि आया बहिणी म्हणून आणखी दोन, असे सहा आणे निघाले असते. म्हणजे ज्या आकड्यानं सिंधूबाईला घराबाहेर काढलं, तोच तिची साक्ष देत होता.

मशीनला हे कळणार कसं? वंशावळीचा फॉर्म मीच केला होता. बाप, आजा, पणजा, सात पिढ्या. आईचं फक्त नाव. माहेरचा रकानाच नाही! मी बाई असून मला तो सुचला नाही, याची लाज आजही वाटते. गावात पोरासोरांना ठाऊक होतं की त्या जावा बहिणी आहेत. फक्त मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

दुपारी सुभाष मोटारसायकलवर आला. मी तिकीट पुढे केलं. त्यानं बोटांवर दोनदा आणे मोजले आणि आईच्या पायाशी बसला. "माय, चुकलो. चाल घरी."

सिंधूबाई पहिल्यांदा वळली. "मशिनीनं सहा आणे सांगतले असते तं?"

सुभाषनं हातातलं तिकीट खाली ठेवलं.

"तं मी तुही माय नसती राह्यली?"

ती त्या दिवशी त्याच्यासोबत गेली नाही. पंधरा दिवसांनी गेली, तेही बहिणीनं हात धरून नेलं तेव्हा.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाला पाचही गावांत माणसं बसवून एकाच वेळी ती नोंद काढली आणि दुरुस्ती टाकली. फॉर्म नव्यानं केला. आता कुणी आकडा घेऊन आलं की मी आधी आईचं माहेर विचारते. आणि माहेर सांगून झालं की विचारते, उत्तर ऐकून घरी गेल्यावर तुम्ही करणार काय? यावर निम्मे लोक रिपोर्ट न बघताच परत जातात. मी त्यांना थांबवत नाही.