पाठ न फिरवणाऱ्या लिलीबाई

लिलीबाई वर्गातून उलट्या पावलांनी बाहेर पडत. बोलणं चालू असेल तर पोरांकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा नेम. त्या नेमापायी त्या दोनदा कचऱ्याच्या डब्यावर आदळल्या आणि एकदा सिस्टरांवर. सिस्टर म्हणजे दौंडच्या आमच्या मिशन शाळेच्या मुख्याध्यापिका. लिलीबाईंनी त्यांची माफी मागितली आणि उरलेलं वाक्य पोरांकडे बघत पूर्ण केलं.

त्या मूळच्या शिरूरच्या. गेल्या वर्षी तिथंच वारल्या. शिकताना जादा मदत लागणाऱ्या मुलांसाठी शाळेनं त्यांना नेमलं होतं आणि खोली दिली होती खेळाच्या सामानाची. "बरं झालं, हितं फळा न्हाई," त्या म्हणाल्या. "बाया फळ्यासंगं लई बोलत्यात. त्याला काय परीक्षा द्यायचीय का?"

हा टोमणा मला होता. मी तिसरीची वर्गशिक्षिका. लिहीत लिहीत शिकवायची माझी जुनी सवय, आणि माझ्या अक्षराचं कौतुक शाळाभर.

माझ्या वर्गात खुटबावची सायली होती. कानाला मशीन लावूनही तिला निम्मंच ऐकू यायचं. बाकीचं ती समोरच्याच्या ओठांवरून ओळखायची. हे मला माहीत होतं बरं का! तरी मी अहवालात लिहिलं, 'लक्ष देत नाही. या शाळेत निभाव लागणार नाही.' सिस्टरांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "मग नेतो घरी. शेरडं हायेतच."

"उद्याचा दिवस बसू द्या, आप्पा," लिलीबाई म्हणाल्या. "शाळा सुटताना या."

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्या सायलीशेजारी बाकावर येऊन बसल्या. कानांत कापूस, वरून घट्ट रुमाल. दाढ दुखत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. तास संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली. अख्ख्या पानावर तीन शब्द : 'सायली, गप्प बस.'

"येवढंच तुम्ही आमच्याकडं तोंड करून बोललात, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "अक्षर मातुर झकास हाय तुमचं."

असा संताप आला म्हणून सांगू! जेवणाचा डबा तसाच परत ठेवला. चांगला तासभर त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग लाज वाटली. उठले, सिस्टरांकडे गेले आणि अहवाल परत मागून घेतला.

शाळा सुटली तेव्हा सायली दप्तर पोटाशी धरून फाटकापाशी उभी होती, शेजारी वडील. "ती इथंच शिकेल," मी त्यांना सांगितलं. सायलीकडे वळले. पदर तोंडाला लावून मी काहीतरी पुटपुटले.

मागून लिलीबाई म्हणाल्या, "पदर काढा, बाई. तिला दिसंना."

मी पदर काढला. "चुकलं माझं."

सायलीनं माझ्या ओठांकडे बारकाईनं पाहिलं. पोरीचा विश्वास बसेना.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.