टँकरखालचा पांढरा गोळा

चिखलोलीत आमच्या सोसायटीला पाणी आणणारा टँकर पूर्वी मिलिटरीचा मालट्रक होता. लिलावात घेतल्यावर मालकाने त्यावर टाकी चढवली आणि वरपासून खालपर्यंत निळा रंग फासला. ड्रायव्हर मामांनी एकाच जागेला हात लावू दिला नाही. मागच्या चाकांच्या मधोमध, खाली जो लोखंडी गोळा असतो, तो ते पांढराच ठेवतात. त्यावर एक बारकासा दिवा. इकडे टाकी रिकामी होत असते आणि मामा गाडीखाली आडवे पडून गोळा रंगवत असतात.

मला ते लिंबू-मिरचीतलंच काहीतरी वाटायचं. एकदा वैतागून विचारलं, "मामा, खाली कोण बघतंय?"

"मागचा बघतो ना, ताई. फौजेत रात्री सगळ्या लाइटी बंद. पुढच्या गाडीचा एवढा गोळा दिसायचा. तो सोडायचा नाही, बस."

परवा संध्याकाळी बुवापाड्याहून येताना माझ्या स्कूटीचा दिवा गेला. रस्त्यावरही लाइट नव्हती. मागून टँकर आला. मामांनी हात बाहेर काढून मागे यायची खूण केली आणि माणसाच्या चालीने गाडी पुढे घेतली. गोळा कुठे उसळतो त्यावरून मला खड्डेसुद्धा कळत होते. सोसायटीच्या गेटशी मी हॉर्न दिला, तर ते थांबलेही नाहीत.

सकाळी आभार मानायला खाली गेले. गाडीखालून फक्त पाय दिसत होते.

"मामा, काल तुम्ही..."

"काल त्याच्यावर चिखल होता, ताई," आतून आवाज आला. "तुम्हाला नीट दिसला ना?"