ग्यानबा, खत आणि माझं मोत्यासारखं अक्षर

एक शब्द मला अकरा गल्ल्यांना पडला.

शिवाय पाच यत्ता उर्दू शाळा, एक नवा बोरू आणि रात्रभराची झोप.

ज्याच्यामुळं पडला तो ग्यानबा गेला, त्याला आज वर्ष झालं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. लिहितो. पण आधी खरं लिहितो. मला त्याचा लय हेवा वाटायचा.

अजूनही वाटतो.

(माझी नव्वदी कधीच उलटली. बोलतोय मी, टाइप नातसून करतेय. ती हसतेय, तेही लिही म्हटलं.)

पोलीस ॲक्शनच्या दोनेक वर्षं आधीची परभणी. तेव्हा कुठली घंटागाडी आणि कुठलं सेग्रिगेशन! घराघरातली राख, शेण, भाजीची देठं, सगळं गल्लीच्या तोंडाला उकिरड्यावर.

मी आणि ग्यानबा, दोघं एकोणीस-वीसचे. दोघांकडं एकेक बैलगाडी. कुजलेला उकिरडा उपसायचा आणि झरी-पिंगळीच्या शेतकऱ्यांना खत म्हणून पोचवायचा, हा धंदा.

अडचण एकच. काच.

बांगड्यांच्या काचा, कंदिलाच्या काचा. शेतकऱ्याच्या पायात जायच्या, बैलाच्या खुरात जायच्या. झरीच्या एका पाटलानं मला गाडीसकट परत लावलं.

"खत न्हाई, सुऱ्या आणल्यात तुमी!"

मग मी गल्लोगल्ली ओरडायला लागलो, "फुटक्या बांगड्या वेगळ्या ठेवा होऽऽ!"

दारं धडाधड लागली. एक काकू तर बाहेर येऊन म्हणाल्या, "सवाष्णीच्या दारात फुटक्या म्हणतोस, मेल्या? जीभ झडो तुझी!"

माझ्या मागून ग्यानबा यायचा. हळू आवाजात.

"माय, वाढवलेल्या बांगड्या गाडग्यात ठिवा. माझ्या बैलाला लागायल्यात."

त्याच काकू स्वतः गाडगं आणून द्यायच्या. वर बैलाला गुळाचा खडा.

आता सांगा. 'वाढवली' हा शब्द मला माहीत नव्हता का? माझी आईसुद्धा तेच म्हणायची. पण तोंडात वेळेवर आला नाही. नंतर वापरला, तर काकू म्हणतात, "ग्यानबाचं ऐकून शिकलास व्हय?"

आग झाली अंगाची.

त्यात बलदियाला, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेला, नवा सफाई दरोगा आला. हैदराबादचा. पान खाणारा, भला माणूस. अकरा गल्ल्यांचे उकिरडे एकाच माणसाला द्यायचे होते. आम्हा दोघांना बोलावलं.

"कल सुबे दोनों अपना-अपना खत लेके आओ. जिसका अच्छा, मोहल्ले उसके."

माझं काळीज नाचलं. खत म्हणजे लिहिलेला कागद, एवढं उर्दू मला येत होतं. अक्षर तर असं की मौलवीसाब वर्गात दाखवायचे. आणि ग्यानबाला कुठल्याच भाषेत सही येत नव्हती!

रस्त्यात तो म्हणाला, "नागू, काय म्हनला रं दरोगा? त्यो खत म्हनला न्हवं?"

मी त्याला सांगू शकलो असतो, की बाबा, कागद लागणार आहे, कुणाकडून तरी लिहून घे.

मी म्हणालो, "हो. खतच म्हणाला."

आणि घरी येऊन रात्रभर अर्ज लिहीत बसलो.

सकाळी मी धुतलेल्या धोतरात, हातात कागदाची गुंडाळी. ग्यानबा डोक्यावर टोपलं घेऊन. टोपल्यात काळंभोर, भुसभुशीत शेणखत.

मी हसू दाबून उभा.

दरोगानं आधी माझा कागद वाचला. "वाह! क्या खत है!"

मग त्यानं अस्तन्या वर केल्या आणि ग्यानबाच्या टोपल्यात कोपरापर्यंत हात घातला. ढवळला. मूठभर काढून बोटांनी चुरला. हाताला एक काच लागली नाही.

"काम इसका."

मी म्हणालो, "हुजूर, आपण खत आणायला सांगितलं होतं..."

"हां तो! 'खत' मराठी में बोला ना मियाँ मैं! तुमारी खातिर!" दरोगा माझ्याकडं बघतच राहिला. मग माझा कागद वर धरून म्हणाला, "खत बहोत अच्छा है तुमारा. मगर खेत में क्या डालूँ, ये?"

कचेरीत असे हसले लोक. चपराशीसुद्धा.

एकटा ग्यानबा हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू कागद आनलास व्हय? मला वाटलं तुला समजलंय."

त्यानं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी रस्ताभर वाट बघितली. नाही मारला. त्याचाही राग आला.

अकरा गल्ल्या त्याच्या झाल्या. काकवा त्याच्या झाल्या. दोनचार वर्षांत झरीचा तो पाटीलही, माणूस पाठवून, त्याचंच खत मागवायला लागला. मी गाडी उभी केली आणि काच-भंगाराच्या धंद्यात शिरलो. देवाच्या दयेनं दुकान झालं, गोडाऊन झालं, मुलं शिकली. मागं सत्कार झाला तेव्हा माईकवर बोललो, "कुणाचं बोट न धरता, शून्यातून उभं केलं." टाळ्या पडल्या. ग्यानबा पहिल्या रांगेत होता. सगळ्यांत जोरात त्याच्याच टाळ्या.

गेल्या वर्षी त्याच्या मातीला गावोगावचे शेतकरी आले. इतकी माणसं माझ्या वेळेला येणार नाहीत. आलेली दिसली, आणि तिथंही हेवा वाटला.

ग्यानबा, दरोगा काय म्हणाला हे मला कळलंय असंच मला वाटत होतं. तरी तुला सांगितलं नाही. ते आज सांगतो. हात जोडतो तुला.

आणि वाचणाऱ्यांसाठी एवढंच. मी विकलेली पहिली गाडीभर काच त्याच अकरा गल्ल्यांतल्या गाडग्यांची होती. ग्यानबाच्या बायकोनं, सोनाबाईनं, ती धुऊन, निवडून, माझ्यासाठी पोत्यांत भरून ठेवली होती. मी फक्त उचलली.