ब्रेकच्या चकतीला तेल

आमच्या घरात लोखंडाची एकही वस्तू कधी कोरडी राहिली नाही. कोलशेतच्या गावठाणात घर, मागे खाडी; खारा वारा नव्या खिळ्यालाही आठ दिवसांत लाल करतो. म्हणून दर रविवारी बाबा तेलाचा चेपका डबा आणि चिंधी घेऊन घरभर फिरायचे. बिजागऱ्या, कोयती, खिडकीचे गज, कुलूप, सगळ्यांना तेलाचा हात. होडी होती तेव्हा तिलाही असाच मिळायचा. खाडीत मासळी राहिली नाही, होडी विकली, डबा तेवढा राहिला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे डब्याला आडकाठी करणारंही कोणी नव्हतं.

मी खोपटला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर उभं राहायचं आणि लोकांना "छान दिसतंय" म्हणायचं. रिक्षाच्या रांगेला आणि खणलेल्या रस्त्याला कंटाळून मी सायकल घेतली, जुनीच. समोरच्या टॉवरमधल्या एका गृहस्थांनी ती लॉकडाऊनमध्ये हौसेने आणली होती आणि पुढे तिच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली होती. तिला तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. चाकाच्या मधोमध स्टीलची चकती, आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. चाक काढलेलं असताना हा ब्रेक चुकूनही दाबायचा नसतो. मध्ये चकती नसली की पॅड एकमेकांना जाऊन चिकटतात. आणि चकतीला तेलाचं बोटही लागू द्यायचं नसतं. तेल आत, नळीत. बाहेर थेंबसुद्धा नको.

हे सगळं मी फोनवर व्हिडिओ बघून शिकले. नाक्यावरचा सायकलवाला कुठलीही सायकल आली की आधी ती उलटी करायचा, आणि उलटी केली की या ब्रेकच्या नळीत हवा जाऊ शकते. त्याला सांगून दमले आणि स्वतःच दुरुस्ती करायला लागले. बाबांना मात्र यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी चार प्रश्न विचारले असते आणि मला उत्तरं द्यायचा कंटाळा आला असता, हेच खरं कारण.

त्या रविवारी पुढचं चाक पंक्चर होतं. ओटीवर चाक काढलं, नेहमीप्रमाणे पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सारला, ट्यूबला ठिगळ लावलं आणि ते चिकटेपर्यंत आत भात लावायला गेले. बाहेर आले तर पुठ्ठा खाली पडलेला, पॅड एकमेकांना चिकटलेले, आणि बाबा ओटीच्या टोकाला शहाण्यासारखे बसलेले.

"कागुद अरकला होता, काढला," ते म्हणाले. "आन् ब्रेक दाबून बघितला. घट्ट हाय."

मी कपाळाला हात लावला. सहा दिवस उभं राहिल्यावर सातव्या दिवशी भांडायलाही अंगात जीव लागतो. चमच्याच्या दांड्याने पॅड हळूहळू मागे सारले आणि चाक बसवलं. बाबांच्या शेजारचा चेपका डबा मला दिसला होता. पण रविवारी तो त्यांच्याजवळ असतोच.

सोमवारी निघताना ब्रेक दाबून बघितला. कडक लागला. आमच्या गल्ल्यांत सायकल माणसाच्याच चालीने जाते, तिथे काही कळलं नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक उतार आहे. त्या उताराच्या तळाशी शहाळ्यांची हातगाडी रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबला. चकती किंचाळली आणि सायकल तशीच पुढे. मागचा दाबला, तोही तसाच. गाडीवाल्या काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. मी सायकल मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांवर घातली. खांदा सोलवटला, चप्पल फाटली, बाकी काही झालं नाही. फुटपाथवर बसून सायकल जवळ ओढली.

चकतीला बोट लावून नाकाशी धरलं. खोबरेल आणि मशीनचं तेल. आमच्या घराचा वास.

सायकल ढकलत परत आले आणि दारातूनच विचारलं, "चाकाला तेल लावलंत?"

"लावला. दोनी चाकांना लावला. पुढच्याला लावला, मंग मागच्यानी काय पाप केलाय? सुका लोखंड टिकत नाय, बाय."

मग माझं तोंड सुटलं. मेले असते मी, म्हणाले. तो गाडीवाला मेला असता. ही नसती उठाठेव कोणी सांगितली होती? यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. बाबा माझ्या खांद्याकडे बघत होते. पुठ्ठा कशासाठी होता, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

त्यांनी माझं म्हणणं तंतोतंत पाळलं. घरातलं माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे ठरवणं त्यांना जमलं नसावं, त्यांनी सगळंच सोडलं. डबा फळीवर गेला. रविवारी ते हात मागे बांधून ओटीवर येरझाऱ्या घालायला लागले. तिसऱ्या आठवड्यात दार कुरकुरू लागलं, कोयतीवर लाल ठिपके आले. सकाळी निघताना ते दार वाजायचं आणि मला अपराधी वाटायचं. पण दुकानातून दमून आलं की माफी मागणंही जिवावर येतं. उद्या बोलू, उद्या बोलू करत महिना गेला. सायकल भिंतीला टेकून होती आणि मी पुन्हा रिक्षाच्या रांगेत.

शेवटी एका रविवारी नवे पॅड बसवले, चकत्या स्पिरिटने पुसल्या. तरी पुढचा ब्रेक पोकळ लागत होता. आदळल्यामुळे नळीचा सांधा ढिला होऊन आत हवा शिरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खालचा स्क्रू किंचित सैल करून हवा जाऊ द्यायची आणि लगेच आवळायचा. मगच वरच्याने ब्रेक सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत. मी ब्रेक दोरीने बांधून एकटीने करून बघितलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा फुकट गेलं.

"बाबा, जरा येता? ब्रेक धरायचाय."

ते जागच्या जागी थांबले. हात मागेच. "मी नको. तूच बोललीस."

"बोलले. चुकलं माझं. मी तुम्हाला आधी काही सांगितलंच नव्हतं." मग सगळं सांगितलं. पुठ्ठा कशाला, ब्रेक का दाबायचा नाही, चकती कोरडी का ठेवायची.

"आन् आतमंदी?"

"आत तेलच आहे."

"मंग तेलावरच चालतो ना," बाबा म्हणाले आणि घरात निघून गेले.

मला वाटलं, विषय संपला. मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मी पाना हातात घेऊन तशीच बसले; उठून बघायचं त्राण नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते आणि चोळून चोळून लाल झाले होते. लहानपणी जेवायला बसताना मी त्यांना दाखवायचे, तसे त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"वास घे," ते म्हणाले. "तेल नाय."

मी वास घेतला. नुसता साबण. मला रडू आलं ते त्या साबणाच्या वासाने. त्यांचा उजवा हात धरून मी ब्रेकवर ठेवला आणि म्हटलं, "दाबा. आता मी सांगेपर्यंत सोडू नका."

त्यांनी सोडला नाही. खाली नळीतून दोन बुडबुडे आले, मी स्क्रू आवळला. पण "सोडा" म्हणायचं सोडून मी बाहीने डोळे पुसत बसले, आणि बाबा तसेच ब्रेक धरून उभे राहिले.